दारातला अंधार

आपण एक चित्र आहोत, असं मी तीस वर्षं मानत आलो. आता खोटं कशाला बोलू? मित्रांनो, मी एका चित्राचा जुना छापील कागद आहे.

छापखान्यात माझ्यासारखे शेकडो एका दमात निघाले. शाई पुरती वाळलीही नव्हती, तोच आमचे गठ्ठे बांधले. शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला घरी नेलं आणि चार टाचण्या मारून आपल्या मशीनच्या वर लावलं. गल्ली तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणतो.

माझ्यात एक बाई टेबलाशी बसली आहे. हातात सुई, मांडीवर फाटका सदरा. मान वर करून ती दाराकडे बघते आहे, आणि दारात नुसता काळा अंधार. मावशी सकाळी मशीनला तेल घालताना तिला विचारायची, "काय गं बाई, आलं का कोणी?" मग स्वतःच म्हणायची, "नाही ना? बरं, लाग कामाला." नवरा गेल्यावर एकटीने मुलाला वाढवलेली ती. या बाईचं तिला फार वाटायचं. कपडे टाकायला आलेले लोक मला बघून म्हणत, "काय हुबेहूब आहे हो!" मी फुगून जायचो.

मग मावशीला सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, नजर हळूहळू जाणार, उपाय नाही. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मला ते खरं चित्र बघायचंय. दिसतंय तोवर."

मुलगा मायाळू, पण जरा आळशीच. "आई, रोज तर बघतेस! थांब, फोनवर दाखवतो. हवं तेवढं मोठं कर." त्याने मोठं केलं. अंधार तेवढा मोठा झाला. मावशी ताटातला घास तसाच ठेवून उठली.

मी मात्र मनातून खूश होतो. म्हटलं, मी असताना एवढी पायपीट कशाला? पण सूनबाई म्हणाली, "आई, रविवारी आपण दोघी जाऊ. ह्यांना बसू दे फोन बघत."

निघताना मावशीने मलाही गुंडाळून पिशवीत घातलं. "याचीही ओळख करून देऊ," म्हणाली. संग्रहालयाच्या दारावरचा पहारेकरी पिशवीत डोकावून हसला. "मावशी, चित्र घरून कशाला आणलंत? आमच्याकडे आहे की!"

आत सूनबाईने मला उलगडून खऱ्या चित्रासमोर धरलं. ते केवढं मोठं होतं! सदऱ्यावर पांढऱ्या रंगाचा जाड थर होता, तिथे ब्रशचे केसही उमटले होते. मी ज्याला काळा म्हणत होतो, तो काळा नव्हताच. निळा होता, तपकिरी होता, तळाशी थोडा लाल. मला भयंकर लाज वाटली.

मावशीच्या डोळ्यांवर खिडकीचा उजेड येत होता, म्हणून ती दोन पावलं बाजूला सरकली. आणि तिथेच थबकली.

"अगं... दारात कोणीतरी आहे!"

"कुठे, आई?" सूनबाईही सरकली. "अगंबाई! मुलगी आहे. चपला हातात घेतल्यात. चिखल लागू नये म्हणून असेल."

"म्हणजे ती वाट बघत नव्हती," मावशी म्हणाली. "पोर आलेलीच होती. आणि मी मेली तीस वर्षं तिला एकटी समजत होते." ती तिथेच बाकावर बसून रडली, आणि रडता रडता हसलीही. पहारेकऱ्याने तिला पाणी आणून दिलं. ती मुलगी माझ्या शाईत बुडाली होती, मित्रांनो. मला स्वतःलाच तिचा पत्ता नव्हता.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. आम्हां कागदांना फाडू नका, आम्ही आठवण जपतो. पण आमच्यावर भागवू नका. डोळे धड आहेत तोवर खऱ्या चित्रासमोर जाऊन उभे राहा, आणि दोन पावलं बाजूलाही सरका.

मावशीला आता मी दिसत नाही. तरी सकाळी ती चाचपडत मशीनपाशी येते, माझ्या दारावर, नेमकं त्या जागी, बोट टेकवते आणि म्हणते, "बाई गं, लेकीला आत घे. पाय गार पडले असतील तिचे."