इलारियोची शंभर पाती

इलारियोचा हिशेब आयुष्यात कधी चुकला नाही, आणि हे सांगायला त्याला दुसरं कोणी लागत नसे. चौतीस वर्षं तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. उसाची गाडी फाटकातून आत शिरली की नुसत्या चाकांच्या कुरकुरीवरून वजन सांगायचा, आणि काटा मागाहून त्याच्या म्हणण्याला मान डोलवायचा. पुढे कारखाना बंद पडला, काटा भंगारात गेला. मोजायची खोड मात्र गेली नाही. डब्यात तांदळाची किती मापं उरली, काडेपेटीत किती काड्या, शेजारच्या कोंबडीने या महिन्यात किती अंडी दिली, सगळं तोंडपाठ. त्याची बायको मिगदालिया म्हणायची, "डोकं द्यायचं विसरून देवाने याला तराजू दिलाय."

दुसरं वेड दाढीचं. परसात नळापाशी खिळ्याला आरसा टांगलेला असे. रोज सकाळी कॉफीच्या आधी तो तिथे उभा राही. एका जाड बुडाच्या काचेच्या ग्लासात पाणी फिरवून ओतून टाकायचं, मग ब्लेडचं पातं ग्लासाच्या आतल्या अंगाला दोन बोटांनी चपटं दाबायचं आणि पुढे-मागे, पुढे-मागे घासायचं. वीस वेळा एका बाजूने, वीस वेळा दुसऱ्या. मग फेस करायचा आणि हात दाबून ओढायचं, कारण ग्लासावर लावलेलं पातं जोर केल्याशिवाय केस कापत नाही. असं एक पातं दोन महिने जायचं. कायबारिएनच्या त्या गल्लीत सगळे पुरुष असंच करत. पातं फेकून देणारा माणूस तिथे अजून जन्माला यायचा होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा, लेओदान, अकरा वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे परदेशात, टांपाला गेला. दर रविवारी चार वाजता तो फोन करी, पलीकडच्या ओनेलियाच्या घरी, कारण त्या ओळीत फोन तिच्याकडेच होता. रविवारी इलारियो दुपारी पुन्हा एकदा दाढी करून तिथे जाई.

"काय हो इलारियो, फोनातून गाल दिसतात वाटतं?" ओनेलिया हसायची.

"गाल दिसत नाहीत, पण आवाज स्वच्छ जातो," तो ऐटीत सांगायचा.

मधल्या वर्षांत दोनदा लेओदान "या डिसेंबरला येतो" म्हणाला होता. दोन्ही वेळा मेजवानीला डुक्कर सांगून ठेवलं, खोलीला चुना मारला, आणि दोन्ही वेळा प्रवासाचे कागद कुठेतरी अडले. दुसऱ्या खेपेनंतर इलारियोने घरात नियम केला: "कधी येतोस, हे गेलेल्याला विचारायचं नाही. यायचं असेल तर तो आपणहून सांगतो. विचारलं की त्याला खोटं बोलावं लागतं." मिगदालियाने तो नियम पाळला. पुढे तिला त्या आज्ञाधारकपणाचा जन्मभर राग आला.

सप्टेंबरात ओनेलियाची भाची टांपाहून आली आणि लेओदानने दिलेलं एक पुडकं देऊन गेली. आत रेझर होता. चकचकीत, मुठीला बारीक नक्षी, हातात घेतला तर चांगला जड. सोबत शंभर पात्यांचा डबा.

"दोनशे दहा ग्रॅमला दोनच कमी," इलारियो तळहातावर तोलत म्हणाला. मग लहान पोरासारखा हसला. "म्हातारे, पाणी गरम कर. आज समारंभ आहे."

मिगदालिया हातातले मालांगाचे कंद तसेच टाकून परसात आली. त्याने फेस केला, गालभर फासला, नवं पातं चढवलं. सवयीने ग्लासाकडे गेलेला हात त्याने मागे घेतला. "नव्याला कशाला ग्लास!" असं म्हणून त्याने रेझर डाव्या जबड्याखाली टेकवला आणि रोजच्या जोराने दाबून ओढला.

पांढऱ्या फेसातून लाल धार उतरली.

"अरे देवा! गळा कापून घेतोस की काय?" मिगदालिया तुरटी घेऊन धावली.

"गप गं. माझंच चुकलं. हा दाबायचा नाहीच." त्याने तुरटी लावली, दात आवळले आणि पुन्हा हात उचलला. या वेळी रेझर नुसता टेकवला. तो आपल्याच वजनाने खाली सरकला आणि मागे गाल उघडा, गुळगुळीत. "बघ, बघ! आपल्या आपण चालतोय. हात लाव." तिने हात लावला. लग्नाच्या वर्षीच्या गालासारखा होता. तिने हात अंमळ जास्त वेळ ठेवला. तोही हलला नाही.

दोघं कॉफीला बसली. इलारियोने डबा पुढ्यात ओढला. त्याचे ओठ हलू लागले, तेव्हाच मिगदालियाला कळलं की हा मोजतोय. तिला गंमत वाटली. मग ओठ थांबले आणि चेहरा उतरला.

"काय झालं?"

"दोन महिन्यांना एक पातं," तो हळू म्हणाला. "वर्षाला सहा. शंभर पात्यांना सोळा वर्षं आठ महिने."

"मग? चांगलंच की."

"मी एकाहत्तरचा आहे, म्हातारे. ज्याला यायचं असतं तो बापाला सोळा वर्षांची बेगमी पाठवत नाही. तो सुटकेसमध्ये चार पाती टाकून स्वतः येतो." त्याने डब्याचं झाकण लावलं. "तोंडाने सांगवलं नाही त्याला. म्हणून असं सांगितलं. शहाणा आहे तो."

"काहीतरीच तुझं! रविवारी विचारू आपण."

"नाही विचारायचं."

त्या रविवारी तो फोनवर गेला नाही. "सांग त्याला, रेझर चांगला आहे," एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारीही तेच. "बाबा कुठायत?" लेओदान विचारायचा, आणि मिगदालिया कधी डोकेदुखी सांगे, कधी डोमिनोचा डाव. खरं तिच्या अगदी ओठांशी यायचं: बाळा, तू येणार नाहीस का रे? पण नियम आठवे, आणि त्याहून जास्त उत्तराची भीती वाटे. ती जेवलास का एवढंच विचारून फोन ठेवी. इलारियोने पाती गल्लीत वाटून टाकली, घरटी चार-पाच. नवा रेझर कपाटात गेला आणि परसातून पुन्हा ग्लासावर पातं घासल्याचा आवाज येऊ लागला. आता रविवारीही तो सकाळची एकच दाढी करायचा.

नऊ रविवार असे गेले. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी पहाटे तो उठलाच नाही. मिगदालियाने कॉफी ओतून हाक मारली, पुन्हा मारली, मग खांद्याला हात लावला. डॉक्टर येऊन गेला. हृदय, म्हणाला. दुपारी दोनला त्याला न्यायला गाडी येणार होती, रात्रभर लोक त्याच्यापाशी बसणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माती. त्या गावात मेलेल्याला ताटकळत ठेवत नाहीत. टांपाहून कुणी पोचेल एवढा वेळ त्यात नसतो.

ओनेलियाने फोन लावून दिला. लेओदान बराच वेळ रडला. मग म्हणाला, "आई, खरं सांग. नऊ रविवार बाबा माझ्याशी बोलले नाहीत. माझं काय चुकलं?"

आता नियम करणाराच उरला नव्हता. "त्यांनी तुझी पाती मोजली रे," ती म्हणाली. "सोळा वर्षं आठ महिने भरली. त्यांना वाटलं, तू येणार नाहीस म्हणून एवढी पाठवलीस."

 

"आई," तो म्हणाला, "इथे पातं तीन दिवस वापरतात आणि फेकून देतात. शंभर पाती म्हणजे तीनशे दिवस. दहा महिने. जुलै. कागद झालेत माझे, जुलैत सुट्टी मिळालीय. दोनदा सांगून तोंडघशी पडलो होतो, म्हणून तिकीट हातात येईतो बोलायचं नाही ठरवलं. पण पाती मोजून पाठवली. म्हटलं, बाबा मोजतीलच. मोजल्याशिवाय राहायचे नाहीत ते. शेवटचं पातं संपेल तेव्हा मी दारात असेन, हे त्यांना कळेल."

"दहा महिने," मिगदालिया म्हणाली.

"ग्लासाचं मी विसरलोच गं, आई. अकरा वर्षांत विसरून गेलो."

फोन ठेवला तेव्हा ओनेलिया पदराने डोळे पुसावेत तशी एप्रनने तोंड पुसत होती. ती आत गेली आणि ड्रॉवरमधून कागदात गुंडाळलेलं पातं घेऊन आली. "तुमच्यातलंच आहे. माझ्या नवऱ्याने वापरलं नाही, पोरीच्या लग्नाला ठेवलं होतं. कुणीच वापरली नाहीत गं, सगळ्यांनी जपून ठेवलीत. न्हावी बोलावू का?"

"नको. मी करते."

मिगदालियाने पाणी गरम केलं. कशासाठी गरम, ते तिलाही सांगता आलं नसतं. कपाटातून नवा रेझर काढला, त्यातलं एकदाच वापरलेलं पातं बाजूला ठेवून ओनेलियाचं चढवलं. फेस केला आणि तो इलारियोच्या थंड गालांना लावला.

"ऐक," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "दहा महिने होते. तुझा हिशेब बरोबर होता, त्याचाही बरोबर होता. तुझाच पोरगा तो. जुलैत येतोय. ऐकतोयस ना, हट्टी म्हाताऱ्या? आणि मीही एक मूर्ख. एका रविवारी विचारलं असतं तर काय जात होतं माझं?"

उजवा गाल नीट झाला. डावीकडे वळताना तिचे डोळे भरून आले, समोरचं दिसेना, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाहिलेल्या त्याच्या हातासारखा तिचा हात आपसूक दाबला गेला. जबड्याखाली, जुन्या व्रणाशेजारीच, कातडीला चीर पडली.

"अगं बाई, लागलं!" म्हणत तिने घाईघाईने तुरटी उचलली आणि रक्त यायची वाट पाहत ती धरून उभी राहिली. रक्त आलं नाही.