खाडीच्या मधोमध

गाडी बंद पडली ती नेमकी खाडीच्या मधोमध. आधी एक आचका दिला, मग दुसरा, आणि इंजिन असं गप्प झालं की दोन्ही बाजूंच्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

गाडी चालवत होती भावजय, शेजारी बसली होती तिची नणंद. भावजय शिलाई मशीनं दुरुस्त करायची, बाजारात तिचं छोटं दुकान होतं. ही गाडीही तिनंच जोडली होती. सुटे भाग खोक्यांतून मागवले आणि घरामागच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून, पाना हातात धरून एकेक बसवला. नणंद तिला ‘खोक्यातली गाडी’ म्हणायची आणि तीत बसायचं नाव काढायची नाही. पण दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन आज तिला घरी सोडलं होतं, आणि भाऊ कामावर अडकला होता. “अडला हरी,” एवढंच म्हणून ती बसली होती. म्हणीचं पुढचं अर्धं तिनं गिळलं, ते भावजयीला कळलं होतं.

खाडीतून जाणारा हा सखल रस्ता भरतीला पाण्याखाली जायचा. सुरुवातीला वेळांची पाटी होती. दवाखान्याच्या कागदपत्रांत तास मोडला, तरी पाटीच्या हिशेबानं अजून पस्तीस मिनिटं होती, आणि पलीकडे जायला चार पुरेशी. पण वारा समुद्राकडून सुटला होता आणि पाटीला वारा माहीत नव्हता.

भावजयीनं चावी फिरवली. स्टार्टरनं इंजिन फिरवलं, जोरात फिरवलं, पण ते पेटेना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

“काय झालं गं?”

“काही नाही ताई. होईल सुरू.”

“होईल म्हणतेस आणि चावी तर दोनदा फिरवून झाली.”

ती खाली उतरली. मघाशी कोरडे असलेले कडेचे दगड आता ओले होते. तिनं गाडीला खांदा लावला. रस्त्यावर शेवाळ होतं, पाय घसरला आणि ती गुडघ्यावर आपटली. गाडी हातभर सरकली असेल. फोन लावला तर बचाव पथकाचा माणूस म्हणाला, “बोट निघते, पण अर्धा तास धरा.” तिनं पाण्याकडे पाहिलं. एवढा वेळ ते थांबणार नव्हतं.

नणंदेला वॉकर घेऊन दवाखान्याच्या दारापासून गाडीपर्यंतची वीस पावलं चालायला पाच मिनिटं लागली होती. पलीकडचा काठ चारशे पावलांवर होता. गाडी गिअरमध्ये टाकून नुसत्या स्टार्टरवर ढकलत नेता येते, तेही तिला सुचलं. पण मध्येच बॅटरी बसली की सगळंच संपलं.

आणि एक क्षण, एकच, तिनं त्या काठाकडे पाहिलं आणि एकटी पळाली तर किती वेळ लागेल ते मोजलं. मान वळवली तर नणंद तिच्याकडेच बघत होती.

भावजयीनं सीटखालची हत्यारांची पिशवी काढली आणि बॉनेट उघडलं.

“ताई, मी सांगेन तेव्हा चावी फिरवायची. सोडा म्हटलं की सोडायची.”

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“चावी कळते ना? बस.”

तिनं एक प्लग काढला, वायरीला जोडला आणि इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला. “फिरवा!” इंजिन फिरलं. प्लगच्या टोकाशी ठिणगी उडायला हवी होती. काहीच उडालं नाही. म्हणजे पेट्रोल नव्हे, ठिणगीच नाही. मग ठिणगीसाठी वीज वाढवून देणाऱ्या कॉइलमधून निघणारी जाड वायर तिनं तशीच धरून पाहिली. तिथंही अंधार. म्हणजे दुखणं आणखी अलीकडे.

पाणी रस्त्यावर आलं. एक पातळ, चकचकीत जीभ चाकाखालून पलीकडे गेली.

“अगं, पाणी!”

“दिसतंय मला!” ती ओरडली. आयुष्यात नणंदेवर ती पहिल्यांदाच ओरडली होती.

टेस्ट लॅम्पचा, वीज तपासायच्या दिव्याचा, चिमटा दोनदा निसटून पडला. तिसऱ्यांदा लागला. चावी चालू करून कॉइलच्या एका टोकाला टेकवल्यावर दिवा लागला. वीज येत होती. दुसऱ्या टोकाला टेकवून ती म्हणाली, “फिरवा!” इंजिन फिरताना दिवा लुकलुकायला हवा होता. तो नुसताच जळत राहिला. कॉइलची वीज तोडणारी-जोडणारी जी काळी डबी होती, ती कामच करत नव्हती.

डबी जळली असेल तर खेळ खलास. दुसरी डबी घरी होती, कपाटात.

पाणी घोट्यापर्यंत आलं, थंडगार. ती रडत होती हे तिला नाकातून आलेल्या पाण्यावरून कळलं.

“तू जा,” नणंद आतून म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “अगं, जा तू. मी टपावर बसते.”

“या गाडीला टप कापडाचा आहे ताई!”

“मग विचार कर. रडतेस काय? मशीन बिघडलं की काय करतेस?”

मशीन बिघडलं की ती आधी धागा बघायची, मग सुई. साधं आधी. तिनं नाक पुसलं. गाडीचं अंग फायबरचं, त्यातून वीज परत जात नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला परतीची वेगळी वायर लागते. डबीलाही होती. तिनं लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावला आणि टोक डबीच्या त्या परतीच्या वायरीवर टेकवलं. दिवा लागला नाही. म्हणजे परतीची वाटच तुटलेली.

तिनं वायर ओढली. ती दोरा तुटावा तशी हातात आली. वरून ठणठणीत, आतून तांबं खारट हवेनं हिरवं पडून सडलेलं.

हॉर्नची वायर तिनं ब्लेडनं कापली, टोकं दातांनी सोलली, एक डबीला पिळलं, दुसरं इंजिनच्या बोल्टखाली दाबलं. पाना पाण्यात पडला. तिनं चाचपून काढला. प्लग पुन्हा बसवला, जाड वायर कॉइलमध्ये खोचली.

“फिरवा ताई!”

इंजिन खोकलं, थांबलं, आणि धडधडून पेटलं.

ती आत पडली ती दार न लावताच. पहिला गिअर, रेस न सोडता. पाणी दारातून आत आलं, नणंदेच्या पट्ट्या भिजल्या. रस्ता दिसतच नव्हता. कडेचे खांब बघत, त्यांच्या बरोबर मधून ती चालवत राहिली. शेवटी चाकं चढाला लागली आणि पाणी मागे राहिलं.

काठावर गाडी थांबवून ती स्टिअरिंग धरून बसली. बोटं सुटेनात. नणंदेनं एकेक करून सोडवली.

मागे खांबांची फक्त डोकी दिसत होती.

“ताई, मघाशी मी काठाकडे...”

“बघितलं मी.”

“मी खरंच विचार केला होता.”

“मीही केला होता. माझे गुडघे धड असते ना, तर तुझ्या आधी पळाले असते.” नणंद हसायला गेली, पण हसू अर्ध्यात मोडलं आणि ती भावजयीच्या खांद्यावर डोकं टेकून थरथरत राहिली.

घरी भावानं विचारलं तेव्हा दोघींनी वायर तुटल्याचं सांगितलं, आणि पाण्याचंही. बाकीचं नाही. वायर भावजयीनं दुसऱ्या दिवशीच बदलली, जाड घातली. पण त्या रस्त्यानं ती परत कधी गेली नाही. लांबच्या पुलावरून जाते, तासभर वळसा पडला तरी.