लंगोटावरची पांढरी कणी

पावडर. एवढ्या एका शब्दावरून माझ्या धाकट्या बहिणीचं घर मोडायला निघालं होतं, आणि मी ते मोडू देणार नव्हते. फार तर विहीणबाईंचं डोकं फोडलं असतं.

आधी मी कोण ते सांगते. बेकरीतली पीठ मळायची खोली माझ्या ताब्यात आहे. हाताखालची माणसं मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे तोफ. दोन्ही बरोबर आहे. आईवडील गेल्यापासून धाकटीचं माहेर म्हणजे मी एकटी, त्यामुळे तिच्या सासूला विहीणबाई आणि तिच्या नवऱ्याला जावईबापू म्हणायचा मान माझ्याकडे आला. जावईबापू स्वभावाने गरीब गाय. आई म्हणेल ती पूर्व दिशा.

धाकटीला मुलगी झाली. कागदोपत्री तिचं नाव गोड आहे, पण सगळे तिला ठकीच म्हणतात. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. मग काय झालं कोण जाणे, पोर दिवसेंदिवस पांढरी पडत गेली. ओठ पांढरे, नखं पांढरी, डोळ्याची खालची पापणी ओढून बघावी तर तीही पांढरी. दूध पिता पिताच दमायची आणि तोंडात दूध तसंच ठेवून झोपायची. वजन काही वाढेना. मान धरायचं वय उलटून गेलं तरी मान लटपटतच होती.

दवाखान्यातल्या बालडॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त कमी. लोहाचे थेंब दिले, फरक नाही. मग व्हिटॅमिनची इंजेक्शनं, मग फॉलिक ॲसिड. एवढीशी मांडी, तिच्यावर सुई टोचायला जागा उरली नाही, तरी रक्त होतं तिथंच. शेवटी ते धाकटीकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "ही औषधं लागू पडत नाहीत असं सहसा होत नाही. घरी नीट दिली जात नसतील."

विहीणबाई शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

आता पावडरीचं. ठकीचा लंगोट ओला झाला आणि तसाच वाळला, की त्यावर पांढरी कणी दिसायची. हात फिरवला तर बारीक रेतीसारखी खरखर लागायची. विहीणबाईंनी एकदा तो लंगोट घेऊन पाहुण्यांसमोर झटकला. म्हणाल्या, "बघा. पोर धुवायचा कंटाळा, म्हणून वरून पावडर फासते. अशा हातांनी औषध तरी काय देणार?" धाकटी म्हणाली, "आई, मी पावडर लावतच नाही. घरात डबासुद्धा नाही." पण ती बोलते इतकं हळू, की खोटं बोलणारासुद्धा तिच्यापेक्षा खरा वाटेल. मला हे कळलं तेव्हा मी आधी तिच्यावरच ओरडले.

त्यात दवाखान्याच्या लॅबने भर घातली. ठकीच्या लघवीचा नमुना त्यांनी दोनदा परत पाठवला. नमुन्यात पावडर आहे, स्वच्छ नमुना आणा. झालं, शिक्कामोर्तब. आता तर दवाखानाच म्हणत होता.

मग जावईबापूंचा फोन आला. घसा खाकरून म्हणाले, "ताई, आई म्हणते की ठकीला आम्ही इथं सांभाळू. ही काही दिवस तुमच्याकडे येईल."

"काही दिवस म्हणजे किती?"

"आई म्हणते, बघू."

"आणि पोरीला दूध पण आईच पाजणार आहे का? विचारून सांगा."

त्यांनी फोन ठेवला. मी ॲप्रन काढून खुंटीला अडकवला. मालक म्हणाले, "निघालीस कुठे? पीठ कोण मळणार?" मी म्हटलं, "तुम्ही. दोन हात दिलेत ना देवाने." अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पोर डोळ्यांदेखत विझत चालली होती आणि ही शहाणी माणसं तिला आईपासून तोडायला निघाली होती.

धाकटीला आणि ठकीला घेऊन मी थेट लॅबच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. लॅबवाली माझ्याच वयाची, केसांवर जाळी, आणि चेहरा असा की समोरच्याने आधीच माफी मागावी. मी म्हटलं, "बाई, नमुना आम्ही घरून आणणार नाही. तुम्ही घ्या. तुमच्या हाताने धुवा, तुमच्या हाताने भरा. मग मला पावडर दाखवा."

"असं आम्ही करत नाही," ती म्हणाली.

"मग मी इथेच उभी राहते."

मागे रांग वाढायला लागली. मला वाटतं, माझ्यापेक्षा तिला त्या रांगेची जास्त भीती वाटली. ती आम्हाला आत घेऊन गेली. आत मशिनांसाठी खोली इतकी गार ठेवली होती की ठकीला दोन दुपट्यांत गुंडाळावं लागलं. लॅबवालीने पोरीला स्वतः नुसत्या पाण्याने धुतलं, स्वतःच्या कापसाने पुसलं, आणि लहान मुलांना लावतात ती चिकटपिशवी स्वतः लावली. धाकटी दूध पाजत बसली. बऱ्याच वेळाने पिशवी भरली. लॅबवालीने ती बाटलीत ओतली आणि झाकण घट्ट लावलं. आत स्वच्छ, पातळ पिवळं पाणी. कणभर पांढरं नाही.

"बोला आता," मी म्हटलं. "कुठे आहे पावडर?"

"आज नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे आज तुम्ही लावलेली नाही."

मग मात्र मी सुटले. लॅबपासून सुरुवात केली, बालडॉक्टरांवर आले, तिथून विहीणबाई, जावईबापू, आणि हे लग्न जुळवणारा मध्यस्थ. धाकटी माझी बाही ओढत होती. लॅबवाली हाताची घडी घालून ऐकत होती. मग ती ऐकेनाशी झाली. तिची नजर टेबलावरच्या बाटलीवर गेली होती.

बाटलीच्या तळाशी पांढरं बसायला लागलं होतं. झाकण तसंच घट्ट होतं. आमच्या तिघींच्या समोर, कोणी हात न लावता, त्या स्वच्छ पाण्यातून बारीक बारीक सुया खाली उतरत होत्या. मी वाक्य अर्धं सोडलं. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं असेल.

तिने बाटली उजेडात धरली, हलवली, एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पुष्कळ वेळ वर बघितलंच नाही.

"पावडर नाही ही," ती म्हणाली. "स्फटिक आहेत. लघवी गरम असते तेव्हा विरघळलेले असतात. गार झाली की खाली बसतात."

"आणि आधीचे दोन नमुने?"

"ते घरून येईपर्यंत गार झालेले असणार. बाळांच्या नमुन्यात पावडर नेहमीच येते. मी बाटली वरूनच बघितली आणि परत पाठवली." ती माफी-बिफी काही मागत बसली नाही. सरळ फोन उचलला आणि वरच्या मजल्यावरच्या कोणा डॉक्टरांना म्हणाली, "आत्ताच्या आत्ता खाली या." तेवढ्यापुरता माझा तिच्यावरचा राग थोडा कमी झाला. थोडाच.

हे वरच्या मजल्यावरचे डॉक्टर जन्मजात दुर्मिळ आजार बघणारे. टक्कल पडलेला तरुण माणूस, बोलताना टेबलावर बोटाने गिरवायची सवय. सगळ्या तपासण्या आल्यावर त्यांनी घरच्यांना बोलावलं. धाकटी ठकीला घेऊन, जावईबापू, विहीणबाई, आणि न बोलावता मी.

ते म्हणाले, "पेशी एकाची दोन होते, तेव्हा तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. त्या नकलेला लागणारे सुटे भाग म्हणजे न्यूक्लिओटाइड. पेशी ते स्वतःच बनवते, एकेक पायरी करत. ठकीच्या पेशींत शेवटाकडच्या पायरीचं एन्झाइम जवळजवळ कामच करत नाही. माल अर्धवट तयार होतो, ऑरोटिक आम्ल म्हणतात त्याला, आणि तिथेच तुंबतो. मग लघवीवाटे बाहेर पडतो. तेच तुमचं पांढरं. आणि रक्ताच्या पेशींना सारखं नवं बनावं लागतं, म्हणून सगळ्यात आधी रक्त कमी पडलं. लोह देऊन काय होणार? कमी लोहाची नव्हतीच."

"पण पुढे तुंबलंय, तर मागचं बनवणं थांबायला नको का?" मी विचारलं.

त्यांनी गिरवणं थांबवलं. "थांबवतो तो तयार माल. तयार माल पुरेसा झाला की तोच जाऊन सुरुवातीची पायरी अडवतो. इथे तयार मालच नाही. पुरे असं सांगणार कोण?"

आता आलं माझ्या लक्षात. आमच्या दुकानातल्या फळ्या पावांनी भरल्या की काउंटरवाली घंटा वाजवते आणि मी मळणं थांबवते. एकदा भट्टीच बंद पडली. फळ्या रिकाम्या, म्हणून घंटा नाही, म्हणून आम्ही आपले मळतोय. शेवटी फुगलेलं पीठ परातीतून उतू जाऊन दाराबाहेर आलं. रस्त्यावरचे लोक म्हणाले, काय भरभराट आहे. आणि दुकानात एक पाव नव्हता. मी हे सांगितलं तर डॉक्टर म्हणाले, "अगदी हेच."

"मग भट्टी दुरुस्त करा," जावईबापू म्हणाले. पहिल्यांदाच आईला न विचारता बोलले.

"भट्टी दुरुस्त होत नाही. पण भाजलेला पाव बाहेरून आणून देता येतो. युरिडिन नावाची पूड आहे. रोज द्यायची, जन्मभर. पेशी ती उचलते आणि तिचं काम चालू होतं. शिवाय तुमची घंटाही वाजते, मागचं जादा उत्पादन थांबतं."

"हे आलं कोणाकडून?" विहीणबाईंनी विचारलं. नजर धाकटीवर.

"दोघांकडून. एक बिघडलेली प्रत आईची, एक वडिलांची. एकाकडूनच आली असती तर मुलगी आजारी पडली नसती."

दोन्ही घरं चार पिढ्यांमागची सोयरी आहेत, हे लग्नात विहीणबाईंनीच मिरवून मिरवून सांगितलं होतं. मी तोफेत दारू ठासूनच आले होते. तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात आधी असं कोणी मूल?"

"नाही," जावईबापू म्हणाले.

"होतं," विहीणबाई म्हणाल्या.

त्या कोणाकडेच बघत नव्हत्या. "ह्याच्या आधी एक मुलगा होता मला. असाच पांढरा पडत गेला. वर्षाचासुद्धा झाला नाही. त्याच्याही लंगोटावर हेच यायचं."

जावईबापूंचं तोंड उघडंच राहिलं. आपल्याला एक भाऊ होता, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "म्हणजे तुम्ही हे बघितलं होतं," मी म्हटलं. "पोर जायला टेकली, माझ्या बहिणीला घराबाहेर काढायला निघालात, आणि तुम्ही हे आधी बघितलं होतं. एका डॉक्टरला सांगायला तुमची जीभ झडली होती का?"

"मला वाटलं, पावडरच असते ती," विहीणबाई म्हणाल्या. "सासूबाई म्हणायच्या, पावडर फासते, पोराकडे लक्ष नाही. डॉक्टर म्हणाले. नवरा म्हणाला. मी लावत नव्हते. पण सगळेच म्हणाले, तेव्हा मलाही वाटायला लागलं, लावली असेल. मग हिच्या पोरीचा लंगोट बघितला, आणि वाटलं, हीसुद्धा लावते."

त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "हे औषध तेव्हा होतं?"

डॉक्टर टेबलावर बोटाने गिरवत राहिले. "होतं," शेवटी म्हणाले. "कोणी ओळखलं असतं तर."

माझ्याजवळ अजून बरंच शिल्लक होतं आणि मी ते काढणारच होते. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताई, तू गप्प बस." तिने मला आजवर असं कधी म्हटलं नव्हतं. मी गप्प बसले.

ती सासूकडे वळली. आवाज नेहमीसारखाच हळू, पण खोलीत प्रत्येकाला ऐकू गेला. "आई, ठकी माझ्याजवळ राहणार."

"हो," विहीणबाई म्हणाल्या.

"आणि तिचं औषध रोज तुम्ही द्यायचं. माझ्यासमोर. त्या दिवशी ज्या पाहुण्यांसमोर लंगोट झटकलात, त्यांना घरी बोलवायचं आणि ही पांढरी का पडली होती ते सांगायचं. तुमच्या मुलाचंही सांगायचं. दोघांचं."

ही शिक्षा होती की दया, ते मला आजही ठरवता येत नाही. मी असते तर नुसती शिक्षा केली असती.

काही आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेले. ठकीच्या ओठांना रंग आला होता आणि ती मान वर करून माझ्याकडे रागाने बघत होती, अगदी माझ्यावर गेल्यासारखी. धाकटी आत स्वयंपाकघरात होती. विहीणबाई न्हाणीघरात पाटावर बसल्या होत्या, समोर धुवायच्या लंगोटांची बादली. त्या वाळलेला एकेक लंगोट उलगडत होत्या, त्यावरून हात फिरवत होत्या, आणि मग पाण्यात टाकत होत्या.

मी दारात उभी राहिले. माझा राग गेलेला नव्हता, जाणारही नाही. त्यांनी एक लंगोट माझ्यापुढे धरला. मी हात फिरवला. कापड मऊ होतं.

"नाही ना खरखर?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पुन्हा एकदा चाचपला, आणि मान खाली घालून म्हणाल्या, "मी खरंच लावत नव्हते हो पावडर."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि दुसरा पाट ओढून त्यांच्याशेजारी धुवायला बसले.