न तुटलेला पाटा

मी एक जुना पोलादी पाटा आहे. मित्रांनो, बसच्या मागच्या चाकांवर आमची चवड बसवलेली असते. खड्डा आला की आम्ही वाकतो, म्हणून तुमची हाडं शाबूत राहतात. त्याबद्दल कुणी कधी आभार मानले नाहीत. दोष मात्र सगळा माझ्या माथी मारला.

समोआतल्या आमच्या गावाहून सेमिसीची लाकडी बस रोज सकाळी बाजाराला जाई. बायका आणि म्हातारी माणसं पुढे बसत. गर्दी वाढली की तरणे गडी उठून मागे सरकत आणि एकमेकांच्या मांडीवर बसत, चांगले तीन-तीन थर. अळकुड्यांच्या टोपल्याही मागेच. रीत चांगली, पण सारं वजन मागच्या चाकांच्याही मागे लोंबे. बसचं बूड खाली जाई आणि नाक वर. मग पुढची चाकं रस्ता नीट धरत नसत.

सेमिसीला लाज वाटे ती बुडाची. तो ओकेनी मिस्त्रीकडे आला. "दादा, माझ्या बसला लोक खुडूक कोंबडी म्हणतात. घाल की एक ज्यादा पाटा!"

"पाटा बूड उचलेल रे, वजन कुठे जाईल? माणसं कमी घे."

"म्हणजे सख्ख्या मामाला रस्त्यात उतरवू? तूच सांग जा त्याला!"

ओकेनी हसला आणि भिडेखातर त्यानं एका मोडक्या ट्रकमधून मला काढून बसच्या मागच्या चवडीत बसवलं.

बस ताठ उभी राहिली. काय माझी वाहवा झाली! बूड टेकत नाही म्हटल्यावर आणखी चार गडी मांड्यांवर चढले. "स्टिअरिंग कसं लोण्यासारखं फिरतंय," सेमिसी मिरवायचा. अरे शहाण्या, पुढची चाकं जेमतेम टेकत होती म्हणून ते हलकं झालं होतं! पण मला जीभ कुठली?

एका सकाळी चढावरच्या वळणावर त्यानं स्टिअरिंग वळवलं. बस वळलीच नाही, सरळ नीरफणसाच्या झाडावर आदळली. पुढच्या बाकावर ओकेनीची मुलगी तिरेसा होती. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सेमिसी माफी मागायच्या रीतीप्रमाणे ओकेनीच्या दारात मान खाली घालून बसला, डोक्यावर घराण्याची तलम चटई घेऊन. घरधनी चटई उचलून माफ करेपर्यंत उठायचं नसतं. ऊन चढल्यावर ओकेनीनं ती उचलली.

"पाटा तुटला, दादा," सेमिसी रडत म्हणाला.

आदल्या संध्याकाळीच ओकेनीनं बसखाली सरपटत जाऊन माझ्यावर हात फिरवला होता. मी अखंड आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "हो रे. पाटाच तुटला." दोघंही सुटले. मला त्याचा संताप आजही येतो.

पुढे ओकेनीनं 'तुटका पाटा' म्हणून मला बसमधून काढलं, एका टोकाला धार लावली आणि ते टोक वर ठेवून परसात अर्धं पुरलं. तिरेसा बाकड्यावर बसून माझ्यावर नारळ सोलते. परवा मी डुगडुगू लागलो म्हणून तिनं मला उपसलं. शेजारीच ओकेनी सेमिसीच्या नव्या बसला ज्यादा पाटा ठोकत होता.

तिनं माझी माती पुसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, भेग कुठेच नाही.

"बाबा, हा कुठे तुटलाय?"

हातोडा थांबला. ओकेनी बसखालून बाहेर आला नाही.

मित्रांनो, गाडीचं बूड टेकू लागलं तर ज्यादा पाटा मागू नका. उतरा आणि चाला. मी पहिल्याच दिवशी तुटलो असतो, तर चार गडी कुरकुरत पायी गेले असते आणि तिरेसा आज उभ्यानं नारळ सोलत असती.