पोटात झेरॉक्स घेऊन सीमेपार

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे आणि मला राग आला आहे. आपली हकीकत सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा मऊ स्वभावाच्या असतात. त्या जरा गहिवरतात, आपल्या मालकाला आशीर्वाद देतात आणि गप्प बसतात. मला ते जमणार नाही, कारण मी चोवीस वर्षं चेन लावून गप्पच बसले आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलं आहे.

माझा जन्म नागपूरला सीताबर्डीतल्या एका दुकानामागच्या खोलीत झाला. वरून चॉकलेटी रेक्झिन, आत जाड पुठ्ठा, प्लास्टिकचे बारा कप्पे आणि तीन बाजूंनी फिरणारी चेन. १९८४ साली शंकरराव मेश्राम मला विकत घ्यायला आले. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी माझी चेन आठ वेळा उघडली, आठ वेळा लावली, आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं, तेव्हा कुठे मला पसंत केलं.

एवढी चौकशी उगाच नव्हती. तरुणपणी एका मुलाखतीला ते मॅट्रिकचं मूळ प्रमाणपत्र घेऊन गेले होते. तिथल्या माणसाने ते ठेवून घेतलं, हरवलं आणि वर तुम्ही दिलंच नव्हतं म्हणून हात झटकले. दुसरी प्रत हाती येईपर्यंत ती जागा भरली गेली. तेव्हापासून शंकररावांनी कानाला खडा लावला. मूळ कागद घरी, सोबत नक्कल आणि पुढे झेरॉक्स. हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला आणि त्यांचा मुलगा रवी तो ऐकतच मोठा झाला.

रवीचा शाळेचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, इंजिनिअरिंगच्या आठही गुणपत्रिका माझ्याच कप्प्यांत राहिल्या. कुणी पाहुणे आले की शंकरराव मला मांडीवर घेत आणि एकेक कागद दाखवत. त्यांच्या वस्तीत इंजिनिअर झालेला रवी पहिलाच. २००० साली तो अमेरिकेला निघाला, तेव्हा विमानतळावर त्यांनी मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "कपडे हरवले तर पुन्हा घेता येतील. हिला सोडू नको." रवीची बायको सुजाता बाजूलाच उभी होती. मग माझ्या कप्प्यांत तिचेही कागद आले आणि न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये, कोट टांगायच्या कपाटातल्या वरच्या फळीवर माझा संसार सुरू झाला.

२००६ च्या उन्हाळ्यात शंकरराव पहिल्यांदा मुलाकडे राहायला आले. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी होती. प्रतापराव नावाचे एक हौशी गृहस्थ मराठी कुटुंबांसाठी बसच्या सहली काढत. या वेळी उत्तरेला मेन राज्यात किनाऱ्यावर मुक्काम होता आणि शनिवारी एका दिवसासाठी सीमा ओलांडून कॅनडातली समुद्रकाठची जुनी गावं, गाईडसकट. शंकररावांना जुन्या इमारतींची भारी आवड. रवीने तीन जागा राखल्या आणि तिघांचे कॅनडाचे व्हिसा काढले.

आता मला माझ्या पोटातल्या एका कागदाबद्दल सांगावं लागेल. त्या काळी अमेरिकेत शिरताना पासपोर्टात एक छोटी पांढरी चिठ्ठी टाचून देत. कुणी किती दिवस राहायचं ते तिच्यावर असे. रवी आणि सुजाताच्या व्हिसाची मुदत केव्हाच संपली होती. नोकरीची परवानगी वाढली तेव्हा त्यांना नवी चिठ्ठी मिळाली होती आणि तिच्या बळावर ते कॅनडात थोडे दिवस जाऊन परत येऊ शकत होते. चिठ्ठी नसेल तर परत येता येत नव्हतं. प्रतापरावांनी ईमेलमध्ये हे ठळक अक्षरांत लिहिलं होतं. रवीने ईमेल निम्मा वाचला.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी शंकरराव मला जेवणाच्या टेबलावर घेऊन बसले होते. रवी त्याच खोलीत कानाला फोन लावून ऑफिसची मीटिंग करत होता. सुजाता ओट्यापाशी उभी राहून थालीपिठं करत होती. मी टेबलावर उघडी पडलेली होते, त्यामुळे जे झालं ते मी शब्दन् शब्द ऐकलं.

"बाबा, ओरिजिनल सगळे काढून ठेवा, झेरॉक्स टाका," रवी म्हणाला. "बसमध्ये फाईल हरवली तर वाट लागेल."

शंकररावांनी पासपोर्ट उचलला. "ही पांढरी चिठ्ठी पण काढू का रे? हे तर पिनने टाचलेलं आहे. कोणी अधिकाऱ्यानं टाचलं असंल."

रवीने फोनवर हात ठेवला. "हो बाबा, तीपण. पासपोर्ट तेवढे ओरिजिनल लागतात. प्लीज, मी कॉलवर आहे."

शंकररावांनी नेलकटरच्या टोकाने तिन्ही पासपोर्टांतल्या पिना अलगद काढल्या. कागद फाटू नये म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला होता. मूळ चिठ्ठ्या त्यांनी पाकिटात घालून तांदळाच्या डब्यामागे ठेवल्या आणि माझ्या कप्प्यांत झेरॉक्स सरकवल्या. मित्रांनो, त्या माणसाने शंका विचारली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कुणीच ठेवलं नाही.

शनिवारची सहल झकास झाली, हे रागातसुद्धा कबूल करते. जाताना कॅनडाच्या चौकीवर त्यांनी फक्त पासपोर्ट आणि त्यावरचा कॅनडाचा व्हिसा पाहिला आणि बस सोडली. आमची गाईड पांढऱ्या केसांची, खणखणीत आवाजाची बाई होती. तिने आम्हाला लाकडी घरांच्या रांगा दाखवल्या, ओहोटीच्या वेळी समुद्रातून वर येणारी वाट दाखवली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पलीकडच्या किनाऱ्यावरून पळून आलेल्या लोकांनी आपली घरं फळीफळीने सुटी केली, होड्यांत घातली आणि इथे आणून पुन्हा जोडली, असं ती सांगत होती. शंकरराव मला बगलेत धरून एका घरासमोर बराच वेळ उभे राहिले. "पूर्ण घर सोबत आणलं," ते सुजाताला म्हणाले, "म्हणजे मागं काही ठेवलं नाही." त्या दिवशी ते फार खूश होते.

साडेचारच्या सुमाराला बस नदीवरचा पूल ओलांडून अमेरिकेच्या चौकीवर आली. सगळे रांगेने आत गेले. अधिकाऱ्याने रवीचा पासपोर्ट चाळला आणि पांढरी चिठ्ठी कुठे आहे म्हणून विचारलं. रवीने माझी चेन उघडून झेरॉक्स पुढे केली. अधिकाऱ्याने ती उजेडात धरून पाहिली. तो उद्धट नव्हता. त्याने शांतपणे सांगितलं की प्रत चालत नाही, मूळ चिठ्ठी आणा किंवा कॅनडातून नवा व्हिसा काढा, तोवर पलीकडेच थांबा.

मागे बसमधली सगळी मंडळी उभी होती, पुढे तो अधिकारी. आणि तेव्हा हा शिकलासवरलेला मुलगा म्हणाला, "माय फादर रिमूव्ह्ड देम, सर." मग मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "बाबा, काय करून ठेवलं तुम्ही हे? पिना कशाला काढायच्या?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शंकररावांनी एकदा रवीकडे पाहिलं, एकदा सुजाताकडे. सुजाता मूग गिळून जमिनीकडे बघत राहिली. मग शंकरराव अधिकाऱ्याला म्हणाले, "येस सर. आय रिमूव्ह्ड." खोटं नव्हतंच ते. पिना त्यांनीच काढल्या होत्या.

शंकररावांचा स्वतःचा व्हिसा दहा वर्षांचा होता. त्यांना नवी चिठ्ठी मिळाली आणि आत घेतलं गेलं. म्हणजे तिघांतला जो एकटा परत जाऊ शकत होता, तो इंग्रजी अडखळत बोलणारा सत्तर वर्षांचा माणूस होता. शेजारपाजारचे सगळे आमच्याच बसमध्ये, मंगळवारपर्यंत कुरिअर बंद. रवीने घराची किल्ली बापाच्या हातात ठेवली. प्रतापराव म्हणाले, "काका, बस लवकर नाही फिरवता येणार हो, सगळ्यांची बुकिंग्ज आहेत." त्यामुळे शंकररावांनी अख्खा रविवार हॉटेलच्या अंगणात मला मांडीवर घेऊन काढला. जाता येता लोक त्यांच्याकडे दयेने पाहत आणि माझ्याकडे बोट दाखवत.

सोमवारी संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. मूळ कागद कुरिअरवाल्याच्या हाती द्यायला शंकरराव तयार नव्हते. मंगळवारी उजाडताच त्यांनी मूळ चिठ्ठ्या माझ्या मधल्या कप्प्यात ठेवल्या, झेरॉक्स फाडून कचऱ्यात टाकल्या आणि आम्ही निघालो. तोवर ते घराजवळच्या प्रिन्स्टन जंक्शनच्या स्टेशनपर्यंतसुद्धा एकटे गेले नव्हते. न्यूयॉर्क, बोस्टन, बँगोर, मग किनाऱ्याने जाणारी एक छोटी गाडी. एका कपट्यावर इंग्रजीत लिहिलेली गावांची नावं दाखवत त्यांनी चार गाड्या बदलल्या. बोस्टनला त्यांनी एका बाईला विचारलं आणि ती उत्तर न देता निघून गेली, तेव्हा ते मला छातीशी धरून बाकावर बसले. बुधवारी दुपारी ते सीमेवरच्या चौकीत पोचले, तेव्हा त्यांनी दोन दिवस नुसत्या केळ्यांवर आणि बिस्किटांवर काढले होते.

रवी आणि सुजाता पूल ओलांडून चालत आले. अधिकाऱ्याने चिठ्ठ्या पाहिल्या, पासपोर्टात पुन्हा टाचल्या, शिक्का मारला. पाच मिनिटांचं काम. शंकरराव उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हा मुलगा बापाचे पाय धरेल. रवी म्हणाला, "बाबा, यापुढे मला विचारल्याशिवाय कशाला हात नका लावू."

मित्रांनो, मी फाईल आहे. माझ्याकडे कागद असतात, जीभ नसते. त्या दिवशी जीभ असती तर मी काय बोलले असते ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

पुढे त्याचा किस्सा झाला. दर पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून होणाऱ्या जेवणाला, रवी तो रंगवून सांगे आणि लोक हसत. प्रतापरावांनी तर शंकररावांना 'झेरॉक्स काका' असं नावच पाडलं. शंकररावही सगळ्यांबरोबर हसत आणि ताट घेऊन कोपऱ्यात जात. फेब्रुवारीपर्यंत राहायला आलेला तो माणूस ऑक्टोबरात तिकीट बदलून नागपूरला परतला. जाताना त्यांनी मला उचललंसुद्धा नाही. मग माझे दिवस वाईट आले. रवीने सगळे कागद स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घातले आणि मला बुटांच्या खोक्यांखाली कोंबलं.

दुसऱ्या वर्षी जुलैत माझी आठवण झाली. ग्रीनकार्डाच्या अर्जाचं दार अचानक उघडलं होतं आणि कधी बंद होईल याचा भरवसा नव्हता. सगळी मराठी मंडळी वकिलांना फोन करत सुटली होती. रवीला जन्माचा मूळ दाखला हवा होता, तो नागपुरात वडिलांपाशी. शिवाय वडिलांचं प्रतिज्ञापत्र. फोन टेबलावर स्पीकरवर होता आणि मी शेजारी उघडी होते.

"जय भीम, बाबा," रवीने सुरुवात केली आणि काय काय लागेल ते भराभर सांगितलं.

"मी आता कागदांना हात नाही लावत," शंकरराव म्हणाले. "लावला की चार लोकांत हसू होतं."

"बाबा, ती मस्करी होती यार. इथे माझ्या पूर्ण करिअरचा प्रश्न आहे आणि तुम्ही..."

"रवी," सुजाता मध्येच म्हणाली. "तू सांगितलं होतंस त्यांना. त्यांनी तुला विचारलं होतं, तू कॉलवर होतास. मी ओट्यापाशी होते. मी तेव्हा बोलले नाही आणि वर्षभर बोलले नाही. बाबा, माझं चुकलं."

रवी टेबलाची कड धरून बसला. मग तो हळूच म्हणाला, "हो. मीच सांगितलं होतं, बाबा."

"मला माहीत आहे," शंकरराव म्हणाले. "मी तिथंच होतो ना. तुझा दाखला आणि कोर्टाचा कागद सोमवारीच पाठवला. शेजारच्या जगन्नाथ वकिलाची मुलगी पण अमेरिकेतच आहे, तिनं सांगितलं होतं की तुम्हाला लागतील. तुझ्या माफीसाठी कागद अडवून ठेवणारा माणूस मी नाही. पण ज्यांच्यासमोर मला हसलास, त्यांच्यासमोर हे सांग. प्रतापरावांपासून सुरू कर." आणि त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी पाकीट आलं. त्यात मूळ दाखला होता, मूळ प्रतिज्ञापत्र होतं. झेरॉक्स त्यांनी स्वतःजवळ ठेवल्या होत्या. रवीने दोन्ही कागद माझ्या मधल्या कप्प्यात ठेवले, अर्ज वेळेत गेला, मंजुरीची वाट बघणं सुरू झालं.

मित्रांनो, आता माझं मागणं ऐका. कागद जपा, ते तर मी सांगणारच. पण तुमच्या हातून चूक झाली तर ती ज्यांच्यासमोर दुसऱ्याच्या माथी मारली, त्यांच्यासमोरच परत घ्या. एकट्यात फोनवर घेतलेली पुरत नाही. आता २००८ चा मार्च चालू आहे. या आठ महिन्यांत प्रतापराव तीनदा इथे जेवायला येऊन गेले आणि तिन्ही वेळा त्यांनी रवीला विचारलं, "काय रे, आमचे झेरॉक्स काका कसे आहेत?" तिन्ही वेळा रवी म्हणाला, "मजेत आहेत."