उष्टा तुंबा

मी तुंबा बोलतोय. आधी फोन खाली ठेवा. माझे फोटो पुष्कळ काढून झाले.

हैदराबादच्या एका उंच इमारतीत, भार्गव आणि जान्हवी या नवरा-बायकोच्या दिवाणखान्यात मी टांगलेला आहे. उलटा. माझ्या बुडाला भोक पाडून आत दिवा सोडला आहे. पाहुणे माझ्या उजेडात बसून पितात आणि विचारतात, की हा कुठून आणला. मग भार्गव ग्लास खाली ठेवून एक गोष्ट सांगतो. ती गोष्ट खोटी आहे. खरी आज मी सांगणार आहे, आणि ती ऐकताना तुम्हाला बरं वाटावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.

माझा जन्म आदिलाबाद जिल्ह्यातला. तामसीच्या बसमधून उतरून कापसाच्या रानातून चालत गेलं की एक गुडा लागतो. गुडा म्हणजे कुडाच्या घरांची लहानशी वस्ती. तिथे विमलबाईच्या कुंपणावर चढलेल्या वेलीला मी लागलो. आम्ही कडू भोपळे. आमची भाजी होत नाही, गुरंही तोंड लावत नाहीत. वेलीवर वाळायचं आणि कोणाच्या तरी उपयोगी पडायचं, एवढंच आमचं आयुष्य.

विमलबाईच्या नवऱ्याचं नाव दादाजी. त्याने मला तोडलं, बिया झटकून काढल्या, आत वाळू आणि पाणी घालून कडूपणा जाईपर्यंत खळखळवलं. तोंडाला मक्याच्या कणसाचं बूच केलं. पळसाच्या मुळांची दोरी वळून गळ्याला बांधली आणि घरातल्या मधल्या खांबाला टांगलं.

तिथून माझं काम सुरू झालं. मोहाची फुलं गळली की त्या घरात थोडी दारू गाळली जाई. भट्टीतून जी पहिली धार निघे, ती माझ्यात. ती जिवंत माणसासाठी नसे. ती घरातल्या मेलेल्यांसाठी. गुड्याच्या शिवेवर एक दगड आहे, त्याच्यापाशी जाऊन दादाजी माझ्यातली धार जमिनीवर ओतायचा, एकेका वडिलाचं नाव घेऊन. ते प्याले की मग घरचे. माझ्या तोंडाला कोणाचंही तोंड लागत नसे. वरून धार सोडायची, खाली पळसाच्या पानाचा द्रोण धरायचा. तोंड लागलं की तुंबा उष्टा, आणि उष्टं मेलेल्याला देत नाहीत. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

दादाजीचा हात सढळ. बापाच्या नावाने ओतताना तो थांबायचाच नाही.

"तुमच्या बापाले एवढी चढली तं घरी कोन आननार?" विमलबाई विचारायची.

"तो कुठं घरी येऊन राह्यला? तिथंच झोपते," दादाजी म्हणायचा, आणि आणखी थोडी ओतायचा.

एका हंगामात त्याने फुलं वेचली, उन्हात वाळवली, मडक्यात भरली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. ताप आला, उतरला, पुन्हा आला.

त्या घरची रीत अशी, की मेलेला माणूस लगेच वडिलांमध्ये जाऊन बसत नाही. तो शिवेवर थांबतो. वर्ष झालं की त्याच्या नावाने पहिली धार ओततात आणि त्याला घरात घेतात. तोवर तो मेला असं कोणी म्हणत नाही. दादाजी बाहेर आहे, दादाजी यायचा आहे, असंच बोलतात. ताटावर बसल्यावर विमलबाई दाराकडे बघायची. वर्षभर तिने फुलांचं ते मडकं जपलं. कडुनिंबाचा पाला घालून, आठवड्याला ऊन दाखवून, किडीपासून, उंदरापासून आणि दीर बाबारावपासूनही. कारण त्यातली फुलं दादाजीच्या हातची शेवटची होती. त्याच फुलांची धार त्याला द्यायची होती.

वर्ष भरलं. सोमवार ठरला. शुक्रवारी दारू गाळली. पहिली धार माझ्यात भरताना विमलबाईने बूच दोनदा दाबून पाहिलं.

आणि शनिवारी हे दोघं आले.

हैदराबादहून गाडी घेऊन दोन दिवसांच्या सुट्टीवर निघाले होते. सहलीला नाव दिलं होतं: क्राफ्ट ब्रूअरी टूर. शहरातल्या ब्रूअऱ्या पिऊन संपल्या होत्या. तिथली बीअर आता सगळीकडे सारखीच लागते म्हणून त्यांना काहीतरी अस्सल हवं होतं. इचोड्याला अमरदीप नावाचा माणूस भाड्याने खोल्या देतो. त्याने सकाळी ताडाच्या झाडाखाली ताजी ताडी पाजली. भार्गव तिला सावर बीअर, म्हणजे आंबट बीअर, म्हणाला आणि ताडीवाल्याला यीस्ट कोणतं वापरतोस म्हणून विचारलं. ताडीवाला झाडावर चढून गेला तो खाली आलाच नाही. दुपारी अमरदीप त्यांना आमच्या गुड्यात घेऊन आला. गाडीतून उतरताना भार्गव म्हणाला, "टूरचा सेकंड स्टॉप."

विमलबाईच्या घराला तो स्टॉप म्हणाला. मी खांबावरून ऐकलं.

दोघंही मराठी. भार्गवने तर उतरल्याबरोबर सांगितलं, की त्याच्या आजोबांची नोकरी आदिलाबादेत झाली, म्हणजे आपण इकडचेच. इकडचा म्हणवणारा माणूस चपला घालून ओसरीवर चढला. बाबारावने तरी बाज टाकली. पाहुणा म्हणजे पाहुणा. दुसऱ्या धारेची दारू द्रोणात दिली, सोबत भाजलेल्या शेंगा.

भार्गवने द्रोण नाकाशी नेला, डोळे मिटले, घोट तोंडात खेळवला. मग म्हणाला, की छान आहे, पण जरा हलकी आहे. बाबारावला ते लागलं. तो भोळा आणि थोडा फुशारक्या मारणारा. हलकी असंनच, म्हणाला, दुसऱ्या धारेची हाये; पहिल्या धारेची काडी लावली तं पेटते. आणि मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं.

भार्गवनेही पाहिलं. त्या नजरेचा मला अजून राग येतो. बाजारात लोक बैलाचे दात पाहतात तशी ती नजर.

"ती नाई, साहेब. ती दादाजीची हाये," बाबाराव घाईघाईने म्हणाला. "सोमवारी येते ना तो घरात. त्याच्या आधी कोनालेच नाई."

भार्गवला वाटलं, दादाजी नावाचा कोणी म्हातारा भट्टीवाला आहे आणि परगावी गेलाय. अमरदीपला सगळं ठाऊक होतं. पाहुणे खूश होऊन गेले पाहिजेत म्हणून तो मान खाली घालून शेंगा सोलत बसला. असल्या गप्प बसणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं ते विचारू नका. पण त्याच्यापेक्षा मोठा हिशेब जान्हवीचा आहे.

कारण जान्हवी तेव्हा आत, विमलबाईजवळ चुलीपाशी होती. तिने सहज विचारलं, की घरचे मालक कुठे असतात. आणि विमलबाईने, जी वर्षभर कोणाजवळ 'मेला' हा शब्द बोलली नव्हती, त्या परक्या पोरीला सांगितलं. बाई समोर बसली की बाई बोलते. रिकामं मडकं दाखवलं. त्याच्या हातची फुलं होती, म्हणाली. मेला तवापासून शिवेवर उभा हाये, परवा घरात घेतो. तुंब्याले आता हातबी नाई लावत आमी. जान्हवीचे डोळे भरले. तिने विमलबाईचा हात हातात घेतला. मला वाटलं, हिला कळलं.

कळलंच होतं. म्हणून तर मी तिला सोडणार नाही.

विमलबाई मागे सरपण आणायला गेली, बाबाराव शेजारी मीठ मागायला. भार्गव आत आला आणि खांबापाशी उभा राहिला. म्हणाला, एकच सिप, पुन्हा कधी मिळणार आहे? जान्हवी म्हणाली, नको रे. ते दोन शब्द तिने एवढ्या हळू उच्चारले, की ते नाहीच म्हटल्यासारखे झाले. त्याने दोरीची गाठ सोडली. ती म्हणाली, "थांब." मला वाटलं, आता अडवेल. पण तिने फोन काढला. म्हणाली, "तिथे नको, दारात उभा राहा, लाइट चांगला आहे."

दारात उभं राहून त्याने माझं बूच काढलं आणि मला तोंडाला लावलं. ओठ, दात, जीभ. वरून धार धरली असती तरी मी पापाचा अर्धा भाग माफ केला असता. पण चित्रात तोंड लावलेलंच चांगलं दिसतं.

तेवढ्यात विमलबाई सरपण घेऊन आली.

तिच्या हातातून लाकडं पडली नाहीत. तिने ती नीट चुलीजवळ ठेवली. मग उभी राहून ती बघत राहिली. भार्गव ओठ पुसत सांगत होता: धूर आहे, मनुका आहे, शेवटी थोडी मिरी येते, दादाजींना सांगा, कमाल केली आहे. बाबाराव दारात आला, त्याने पाहिलं आणि खांद्यावरचा पंचा काढून पुढे केला.

"वैनी, पुसून घेऊ," तो म्हणाला. "कोनाले दिसलं नाई."

"त्यायले दिसलं ना," विमलबाई शिवेकडे बघत म्हणाली.

एवढंच. ती रडली नाही, ओरडली नाही. मी तिच्या जागी असतो तर त्या दोघांना शिवेपर्यंत पिटाळलं असतं. मला हात नाहीत. तिला होते, पण तिच्या घरात पाहुण्यावर हात उचलत नाहीत. भार्गवने मला तिच्यापुढे धरलं तेव्हा तिने हात मागे घेतला.

"घेऊन जा आता. तुमचाच झाला तो."

आणि त्या माणसाला ती भेट वाटली! त्याने छातीशी हात नेऊन नमस्कार केला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "किती मोठं मन असतं यार या लोकांचं." जान्हवी खिडकीबाहेर बघत होती. अमरदीपने गाडी सुरू केली.

इचोड्याच्या ढाब्यावर त्यांनी माझ्यातली उरलेली धार संपवली. सोडा आणि लिंबू घालून. एका माणसाने उन्हात वाकून वेचलेली फुलं, एका बाईने वर्षभर राखलेली, ट्रकांच्या आवाजात आणि तंदुरी रोटीबरोबर संपली. भार्गवने अमरदीपलाही ग्लास दिला. त्याने घेतला नाही. पोट बरं नाही म्हणाला.

सोमवारी गुड्यात काय झालं ते मी पाहिलं नाही. मी तेव्हा इथे होतो, आणि एक माणूस माझ्या बुडात यंत्राने भोक पाडत होता.

पण मोह पुन्हा फुलला तेव्हा अमरदीपचा आवाज या घरात आला. भार्गवच्या फोनवर त्याने बोलून पाठवलं होतं. जेवताना भार्गवने ते मोठ्याने लावलं.

"सर, गुड्यातली विमलबाई विचारून राह्यली. तुंबा नको म्हणते. यंदा तिनं सोताच्या हातानं फुलं वेचली. पन ज्यानं तोंड लावलं त्यानं एकडाव शिवेवर येऊन दादाजीले सांगा लागते, माह्या हातून झालं म्हनून. त्याशिवाय त्याले घरात घेता येत नाई. पानी ओतायचं आन् परत जायचं. मी गाडी पाठवतो, सर. पैसे नको."

भार्गव खूश झाला. "बघ, म्हाताऱ्याला आपली आठवण येतेय," तो जान्हवीला म्हणाला. "दादाजींना भेटायला जाऊ या एकदा. पावसाळ्यानंतर बघू." आणि अमरदीपला त्याने अंगठा पाठवला.

तेव्हापासून त्याच्या गोष्टीत भर पडली आहे. आता तो पाहुण्यांना सांगतो, की दादाजी नावाच्या म्हाताऱ्या ब्रूअरने स्वतःच्या हाताने हा तुंबा काढून दिला. फार गोड माणूस, म्हणतो. अजून निरोप पाठवतो. पाहुणे माझ्याकडे बघून ग्लास उंचावतात. दादाजींच्या नावाने! आणि मग तोंडाला लावतात.

जान्हवी त्या वेळी बर्फ आणायला उठते. प्रत्येक वेळी. बर्फ असला तरी.

रविवारी ती माझ्यावरची धूळ पुसते. परवा पुसता पुसता तिने भार्गवचा फोन उचलला आणि अमरदीपचा तो निरोप एकटीने पुन्हा ऐकला. 'त्याशिवाय त्याले घरात घेता येत नाई' इथवर आला आणि तिने बंद केला. मग माझ्याकडे न बघता तिने माझ्यातला दिवा लावला. बाहेर लख्ख ऊन होतं.

जान्हवी, मी तुझ्याशीच बोलतोय. मला खाली उतरवून परत नेऊन दे असं मी म्हणत नाही. मी उष्टा आहे आणि माझ्या बुडाला भोकही आहे, त्या घरात मला जागा नाही. मला फोडून टाकलंस तरी चालेल. विमलबाईजवळ माझ्या बिया आहेत. कुंपणावर दुसरा तुंबा वाळत असेल आणि त्याच्या तोंडाला अजून कोणाचं तोंड लागलेलं नाही.

पण गुड्यात मोह गळतो आहे. विमलबाईची फुलं वाळत आली असतील. ती ताटावर बसते आणि दाराकडे बघते. दादाजी शिवेवर उभा आहे, दुसरं वर्ष, त्या दगडापाशी, जिथे तो बापाच्या नावाने जास्तच ओतायचा. त्याचं ते उभं राहणं म्हणजे 'पावसाळ्यानंतर बघू' म्हणून पुढे ढकलायची सहल नव्हे.

तुझ्या नवऱ्याला काहीच ठाऊक नाही. तुला सगळं ठाऊक आहे. आज पाहुणे येतील, तो गोष्ट सुरू करेल, तू बर्फाला उठशील. उठू नकोस. बसून राहा आणि सगळ्यांसमोर त्याला एवढंच सांग, की दादाजी मेलाय. आपण गेलो त्याच्या आधीच मेला होता. पुढे तो तिथे जाईल की नाही ते त्याचं तो ठरवेल. पण निदान पुढचा घोट घेताना त्याला कळू दे, तो कोणाचं प्यायला.