औषध सुटतं

सरुमावशीने कमरेची चंची सोडली, कागदाची पुडी काढली आणि सगळ्या गोळ्या शोभाच्या ओंजळीत ओतल्या. बिदरच्या डॉक्टरने महिन्याभरासाठी दिलेल्या. एकही कमी नव्हती.

"घेतल्याच नाहीस?"

"तूच म्हनलीस की, औषध सुटतंय म्हणून." मावशी तोंड अर्धवट उघडून बोलत होती, डावा गाल आतून धरला होता. "मग कामून घेऊ?"

शोभा ओंजळ तशीच धरून ओट्यावर बसली. आषाढात ती बिदरजवळच्या मेहकरला मावशीकडे आली होती, तेव्हा हैदराबादच्या प्रयोगशाळेतली जेलची एक चकती बाटलीत घालून आणली होती. भिजल्या साबुदाण्यासारखी लिबलिबीत. पण गार असताना पाणी पिऊन फुगणारी आणि अंगाच्या उबेला आकसणारी. कोमट पाण्याच्या वाटीत तिने ती सोडली. काचेसारखी चकती पांढरी झाली, आवळली आणि तिच्या पोटातला लाल रंग पाण्यात उतरला. पुढेमागे असं औषध नेमकं कॅन्सरच्या गाठीपाशीच ठेवता येईल, बाकीच्या अंगाला झळ लागणार नाही, असं तिने समजावलं होतं. "ऊब लागली की औषध सुटतं." तीन वर्षं हे वाक्य तिने फक्त इंग्रजीत लिहिलं होतं. त्या दिवशी ते मराठीत सापडलं म्हणून ती मनातून खूश झाली होती.

आणि गावात औषध सुटतं ते बऱ्या झालेल्या माणसाचं.

"औषध सुटतं ना?" असं मावशीने तेव्हा दोनदा विचारून घेतलं होतं. गालातल्या गाठीचं मात्र कुणाला बोलली नव्हती. आता डॉक्टर सोलापूरला रेडिएशनचा शेक घ्यायला सांगत होते आणि आई ऐकत नाही, असं मावशीच्या मुलाचं, मारोतीचं पत्र आलं म्हणून शोभा पुन्हा आली होती.

"मावशी, सुटतं म्हणजे बाहेर पडतं. जेलमधून. माणसाचं सुटत नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे ते अजून माणसाला दिलेलंच नाही. आम्ही काचेत करून बघतोय. अजून दहा वर्षं लागतील. जास्तच."

मावशीला हसू आलं, आणि गाल दुखला म्हणून ते अर्ध्यातच थांबलं.

"एवढी शिकलीस, आन् बोलायला शिकली न्हाईस बग."

"चुकलं माझं. पण गाठ अजून लहान आहे. शेक दिला तर आटोक्यात येईल म्हणतात. महिनाभर थांबलो तर तसं म्हणणार नाहीत."

"शेकानं तोंड भाजतंय म्हनायलेत लोक."

"भाजतं. जेवताना त्रास होईल. तुला खोटं कशाला सांगू?"

मावशी पदराच्या टोकाला पीळ देत बसली. आता नाहीच म्हणणार, असं शोभाला वाटलं.

"आन् यल्लम्माला काय सांगू?"

"कोण यल्लम्मा?"

"मागल्या गल्लीतली. तिला छातीत हाय गाठ. सोलापूरची चिठ्ठी कवाच घेतल्याली. मीच थांबवलं. म्हनलं, थांब ग, आमच्या शोभीचं औषध येऊ दे."

ओंजळीतल्या गोळ्या घामाने एकमेकींना चिकटल्या होत्या. शोभाने त्या हळूच पुडीत भरल्या.

"मी सांगते तिला."

"तू गप राहा. तू सांगितलंस की घोळ हुतोय."

यल्लम्मा अंगणात ज्वारी पाखडत होती. मावशीला बघून तिने सूप खाली ठेवलं. मावशी दारातूनच कन्नडमध्ये बोलली, घाईच्या कामाला हाक मारावी तशी.

"ऊठ ग, बांधाबांध कर. उद्या सोलापूरला जायचं, तू आन् मी. शोभीचं औषध आता तिथंच देत्यात."

यल्लम्माने मावशीकडे पाहिलं नाही. ती शोभाकडे बघत होती.

"खरं का, बाई?"

नाही, हा शब्द शोभाच्या ओठांपर्यंत आला. मावशी खाली बसून सूप स्वतःपुढे ओढत होती. तिने मान वर केली नाही. पण ज्वारीत घातलेला तिचा हात थांबला होता.

"सकाळी सातची गाडी आहे," शोभा म्हणाली. "मी येते बरोबर."

यल्लम्मा उठली. घसरलेला पदर तिने खांद्यावर नीट घेतला.

"किती दिवसांच्या कडक भाकरी करू?"

"सहा आठवडे लागतील," शोभा म्हणाली, आणि यल्लम्मा पीठ बघायला आत गेली.